बायोडाटात न आलेलं काम

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी एक अभ्यासिका आहे, तिथं मी दर शनिवारी संध्याकाळी बसतो. नोकरीसाठी अर्ज करणारी मुलंमुली आपापले बायोडाटा घेऊन येतात आणि आम्ही ते एकत्र वाचतो. त्या दिवशी बी.कॉम. झालेला एक मुलगा आला. कागद दीड पानी. वर ठळक अक्षरांत 'करिक्युलम व्हिटे', खाली उद्दिष्ट म्हणून एक लांबलचक इंग्रजी वाक्य, मग दहावी, बारावी आणि पदवीच्या टक्क्यांचा तक्ता, एमएस-सीआयटी, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसचं टायपिंग, छंद म्हणून क्रिकेट आणि वाचन. अनुभवाच्या जागी एकच शब्द : फ्रेशर.

मी सहज विचारलं, "सकाळी किती वाजता उठतोस?"

"साडेतीनला. डेअरी उघडायची असते ना, सर."

गावातल्या दूध संकलन केंद्राचं काम तो तीन वर्षं बघत होता. पहाटे चार ते साडेसात, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. मशीनवर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, काढायचे, लिटर आणि दर संगणकात भरायचे, पावती द्यायची. सव्वाशेच्या आसपास उत्पादक. दर दहा दिवसांनी प्रत्येकाचं बिल, त्यातून पशुखाद्याची उचल वजा. फॅट कमी लागली म्हणून चिडलेल्या माणसासमोर पुन्हा नमुना लावून दाखवायचा. टँकर यायच्या आत बल्क कूलरचं तापमान उतरलेलं असलं पाहिजे, नाहीतर दूध परत. हे सगळं तो भडाभडा बोलला. मी म्हटलं, "मग हे कागदावर का नाही?" त्याला प्रश्नच कळेना. "ते घरचंच काम आहे, सर. ते कुठं लिहितात का?"

आणि अर्ज तो करत होता एका दूध प्रक्रिया कारखान्याच्या लेखा विभागात.

मी एकवीस वर्षं एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम केलं. आलेले अर्ज उघडणं, वेगळे करणं, फोन लावणं हा माझा रोजचा धंदा होता. तेव्हा मलाही वाटायचं, की या पोरांकडे सांगण्यासारखं काही नसतं. निवृत्त झाल्यावर, समोरासमोर बसून विचारायला लागल्यावर कळलं की सांगण्यासारखं पुष्कळ असतं; ते कागदावर येतच नाही. ती मुलं आळशी आहेत म्हणून नव्हे. आपण सगळ्यांनी मिळून बायोडाटाचा जो साचा चालू ठेवला आहे, त्यात माणसाच्या कामाला जागाच ठेवलेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी फक्त उमेदवारांना उद्देशून म्हणत नाही. महाविद्यालयांनी आणि नोकरी देणाऱ्यांनी ते आधी ऐकावं.

हा साचा येतो कुठून ते पाहा. कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान असतं. मुलगा किंवा मुलगी गुणपत्रिका घेऊन जाते. दुकानदार आधीची एखादी फाइल उघडतो, नाव बदलतो, टक्के बदलतो, प्रिंट देतो. म्हणून शंभर बायोडाटात उद्दिष्टाचं वाक्य तेच, स्वभावाचे गुण तेच, छंद तेच. एकदा माझ्या टेबलावर एकाच दुकानातून आलेल्या दोन अर्जांवर एकच जन्मतारीख होती. आधीच्याची बदलायची राहून गेली होती. मला त्या दुकानदाराचा राग येत नाही. या मुलाच्या नोकरीच्या अर्जासाठी पंधरा मिनिटं त्याच्या शेजारी बसलेला तो एकमेव माणूस असतो. तीन वर्षं फी घेणाऱ्या महाविद्यालयात तेवढाही वेळ कुणाला मिळालेला नसतो.

साच्याचा दुसरा उगम त्याहून जुना आहे. आपल्याकडे लग्नाच्या आणि नोकरीच्या कागदाला नाव एकच : बायोडाटा. दोन्हींत वडिलांचं पूर्ण नाव, वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, मूळ गाव. लग्नाच्या कागदात यापुढे देवक, नाडी आणि मामाचं कूळ येतं. नोकरीच्या कागदात टक्के येतात. पण दोन्ही कागद मुळात एकाच प्रश्नाचं उत्तर देतात, तू कुणाचा कोण? नोकरी देणाऱ्याला हवं असतं ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर, तुला काय करता येतं आणि ते तू कुठं केलं आहेस? वडील शेती करतात की शिक्षक आहेत, यानं लेथवरच्या माणसाचा हात सरळ होत नाही.

हे केवळ अनावश्यक असतं तर मी एवढं बोललो नसतो. ते घातक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अट्टेवेल यांनी २००५ पासून ६६ आठवडे एक प्रयोग केला. इंग्रजी दैनिकांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, वेगळी फक्त नावं. काही नावं वाचताच उच्चवर्णीय हिंदू वाटतील अशी, काही दलित, काही मुस्लिम. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त निष्कर्ष छापून आले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश होती, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. त्या अर्जांत जातीचा रकाना भरलेला नव्हता, नुसतं नाव पुरलं. आपण तर रकानाच भरून देतो, आणि वर फोटो चिकटवतो.

राज्यघटनेच्या कलम १६ ची हमी सरकारी नोकरीपुरती आहे. सरकारी अर्जात प्रवर्ग विचारतात तो आरक्षण देण्यासाठी. तिथं तो लिहिलाच पाहिजे, ठसठशीत लिहिला पाहिजे. खासगी कंपनीच्या पहिल्या अर्जात मात्र जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, लग्न झालं की नाही, हे विचारण्याचं एकही प्रामाणिक कारण मला एकवीस वर्षांत सापडलेलं नाही. भविष्य निर्वाह निधीसाठी वडिलांचं किंवा पतीचं नाव लागतं, हे खरं. ते रुजू होताना घ्या ना. आमच्या कारखान्यात छापील फॉर्ममध्ये 'जात' असा रकाना होता आणि तो काढायला मी बरीच वर्षं उशीर केला. कुणी अडवलं नव्हतं. तो तिथं आहे हे मला दिसतच नव्हतं, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

रकाना काढला तरी आडनाव राहतंच. म्हणून पहिल्या चाळणीत नाव झाकून अर्ज वाचायला हवेत. एक जण नाव, पत्ता, फोटो यांवर पट्टी लावून क्रमांक टाकतो, दुसरा नुसतं काम वाचतो. याला काही महागडी यंत्रणा लागत नाही. पन्नास अर्जांसाठी दोन माणसांची एक दुपार पुरते.

बायकांच्या बायोडाटाकडे येतो, कारण सगळ्यांत जास्त काम तिथं लपलेलं आहे. मार्चमध्ये एक बाई आल्या. वय अडतीस, बारावी, लग्नानंतर चौदा वर्षं. कागदावर त्या चौदा वर्षांसाठी एकच शब्द, 'गृहिणी'. बोलता बोलता कळलं, त्या बचत गटाच्या सचिव आहेत, नऊ वर्षं. महिना बैठक, प्रत्येकीची बचत, अंतर्गत कर्ज, त्यावरचं व्याज, बँकेचा हप्ता, ठरावाची वही, सगळं त्यांच्या अक्षरात. बँकेचे अधिकारी आले की वह्या दाखवायच्या त्याच. गटानं बँकेचं कर्ज तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा वेळेत फेडलं. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, 'उमेद' या बचत गटांच्या सरकारी अभियानाचं जाळं गावोगाव पोचलं आहे. लाखो बायका आज हिशेब लिहितात, वसुली करतात, दोन घरांतलं भांडण मिटवून गट टिकवतात. त्यांतली एखादी पतसंस्थेत लिपिकासाठी अर्ज करते तेव्हा तिच्या कागदावर चौदा वर्षांचं भगदाड दिसतं. अर्ज वाचणारा म्हणतो, मोठा खंड आहे. खंड कसला, ती तर पतसंस्थाच चालवत होती!

मी त्यांना लिहायला सांगितलं : महिला बचत गट, सचिव, अमुक साल ते आजपर्यंत, सभासद बारा, मासिक हिशेब, कर्ज नोंदी, बँक व्यवहार, तीन कर्जांची पूर्ण परतफेड. चार ओळी. लिहून झाल्यावर त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "हे मीच ना?" त्या प्रश्नानं माझ्या पोटात कालवलं.

पुरुषांत हेच दु:ख कंत्राटी कामगारांच्या वाट्याला येतं, आणि तिथं एक बारीक तांत्रिक चूक लोकांची नोकरी घालवते. चाकण, वाळूज, बुटीबोरी, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत जा. आयटीआय झालेला मुलगा चार वर्षांत तीन मोठ्या कारखान्यांत राबलेला असतो, पण तिन्ही वेळा ठेकेदारामार्फत. बायोडाटात तो मोठ्या कंपनीचं नाव लिहितो. त्यात खोटं काही नाही, तिथल्याच शॉपफ्लोअरवर त्यानं घाम गाळलेला असतो. नवी कंपनी पडताळणी करते तेव्हा जुनी कंपनी म्हणते, आमच्या हजेरीपटावर हा माणूस नाही. पीएफचं खातं उघडून पाहिलं तर आस्थापनेचं नाव ठेकेदाराचं. २०१४ पासून पीएफला कायमचा यूएएन क्रमांक आल्यावर हे ताबडतोब दिसतं. मुलगा खोटारडा ठरतो. मी अशी निदान सात-आठ माणसं हातची गेलेली पाहिली आहेत. म्हणून सरळ लिहावं : ठेकेदाराचं नाव आधी, 'मार्फत' हा शब्द, मग कंपनीचं नाव, विभाग, यंत्र, तारखा. पीएफच्या नोंदीशी तारखा जुळवून घ्याव्यात. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारं यंत्र, चालवत असलात तर नुसतं ऑपरेटर म्हणू नका. कोणता कंट्रोलर, कोणता जॉब, सेटिंग स्वतः करत होता की फक्त लोडिंग, मोजमाप कशानं घेत होता, हे लिहा. फोरमन या चार गोष्टी वाचतो आणि बाकीचं पान उलटतो.

सरकारच्या योजनांनाही हीच कसोटी लावावी लागेल. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीवाल्याला महिना ६,०००, आयटीआय आणि पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, सुरुवातीला सहा महिने. पैशाचा आधार झाला, त्याला मी नावं ठेवत नाही. पण ग्रामपंचायतीत सहा महिने बसलेल्या मुलीला मी विचारलं, काय केलंस, तर ती म्हणाली, "सांगतील ते." बायोडाटात तिनं फक्त योजनेचं नाव लिहिलं होतं. खोदून विचारल्यावर निघालं, की घरपट्टीच्या चारशे खात्यांची नोंद तिनं वहीतून संगणकात आणली होती. हे तिला कुणी सांगायला हवं होतं, की हे काम आहे आणि हे तुझं आहे.

मुलांकडून लिहून घेताना मी एक साधी रीत ठेवली आहे. आधी मराठीत, तेही बोलल्यासारखं. इंग्रजी साच्यात 'हार्डवर्किंग', 'टीम प्लेअर' असे शब्द आपसूक येतात आणि लिहिणाऱ्यालाही त्यांचा काही अर्थ लागत नाही. तेच मराठीत "मी मेहनती आहे" असं म्हणून बघा, पुढचा प्रश्न आपोआप तोंडावर येतो : कशावरून? प्रत्येक ओळीला हा प्रश्न विचारायचा. उत्तर निघालं तर ते उत्तरच लिहायचं आणि मूळ शब्द खोडायचा. नाही निघालं तर ओळच खोडायची. खोटेपणाही यातच गळून पडतो. पैसे देऊन अनुभवाचं पत्र आणणाऱ्यांना 'कशावरून'च्या दुसऱ्या फेरीत घाम फुटतो, आणि मुलाखतीत ती फेरी येतेच. मराठीत पक्कं झाल्यावर मग इंग्रजी करावं, ते दहा मिनिटांचं काम आहे.

पण इंग्रजी करायलाच का हवं? ज्या कारखान्यात दिवसभर मराठीत काम चालतं, सूचनाफलक मराठीत आहे, सुपरवायझर मराठीत ओरडतो, तिथं स्टोअरकीपरचा अर्ज इंग्रजीत मागण्यात काय हशील आहे? त्यामुळे उमेदवाराचं इंग्रजी कळत नाहीच, कळतं ते दुकानदाराचं. जिल्हा पातळीवरच्या कंपन्या, पतसंस्था, दवाखाने, शाळा यांनी जाहिरातीत स्पष्ट लिहावं, अर्ज मराठीत चालेल. उमेदवारांनी एक पथ्य पाळावं, मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून घ्यावा. जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटात केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की चिन्हांचा लगदा होतो. शक्यतो पीडीएफच पाठवावी. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. तिथं दोन रकान्यांची रंगीत नक्षी, चौकटीतला मजकूर, चित्रातली अक्षरं यांत निम्मी माहिती हरवते. साधं, एका रकान्यात, वरून खाली.

बायोडाटा लिहिण्याइतकंच तो वापरणंही शिकवायला हवं. माझ्या अनुभवात निवडलेल्या उमेदवारांपैकी कितीतरी जण केवळ फोन न लागल्यानं गळले. स्वस्त रिचार्जसाठी सिम बदललेलं, जुना नंबर कागदावर तसाच. किंवा ई-मेल दुकानदाराच्या खात्यावरून पाठवलेला, त्यामुळे मुलाखतीचं पत्र दुकानदाराच्या इनबॉक्समध्ये पडून. स्वतःचा ई-मेल, स्वतःचा पासवर्ड, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी एक नंबर, एवढं हवंच. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर, आधारवर आणि बायोडाटावर एकसारखं असावं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी दोन्ही नावं लिहावीत, म्हणजे कागदपत्रं तपासताना अडत नाही. आणि आधार क्रमांक, पॅन, बँक खातं बायोडाटात कधीही लिहू नका. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर ती फाइल महिनोन्‌महिने पडून असते. अशाच माहितीच्या जोरावर 'तुमची निवड झाली, अनामत भरा' असे फोन येतात, आणि गरजू घरंच त्यांत फसतात.

आता दोन आक्षेप, जे मला दर शनिवारी ऐकावे लागतात. पहिला, "सर, शेवटी वशिलाच लागतो." लागतो, मी नाही म्हणणार नाही. पण वशिल्याचा माणूसही तुमचा कागद घेऊनच आत जातो. आणि ज्याच्यामागं कुणीच नाही, त्याच्याकडे त्या कागदाशिवाय दुसरं आहेच काय? ज्यांचे मामा-काका कंपनीत आहेत त्यांना बायोडाटा नीट नसला तरी चालतो. घरातल्या पहिल्या पदवीधराला चालत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. नोकऱ्याच कमी आहेत, बायोडाटा सुधारून नोकऱ्या निर्माण होत नाहीत. बरोबर. एका जागेला तीनशे अर्ज येत असतील तर दोनशे नव्व्याण्णव जण घरी जाणारच, कागद कितीही चांगला असो. तरुणांच्या बेकारीचं खापर त्यांच्या बायोडाटावर फोडणाऱ्यांच्या मी विरोधात आहे. पण त्या तीनशेंतून कोण आत जाणार हे ठरतंच ना? ते जर आडनाव, शहर आणि इंग्रजी वाक्यांच्या सफाईवर ठरत असेल, तर पहाटे साडेतीनला उठणाऱ्या मुलावर दोनदा अन्याय होतो. एकदा नोकऱ्या नसल्याचा, दुसऱ्यांदा त्याचं काम दिसलंच नसल्याचा. पहिला माझ्या हातात नाही. दुसरा आपल्या हातात आहे.

महाविद्यालयांच्या तर तो पूर्ण हातात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था उभी केली ती 'स्वावलंबी शिक्षण' हे ब्रीद घेऊन. हातानं काम करून शिकणं ही लाजेची नव्हे, मानाची गोष्ट आहे, हे त्यांनी महाराष्ट्राला वसतिगृहांतून दाखवून दिलं. आजही पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना त्यांच्याच नावानं चालते. त्या योजनेतली मुलं ग्रंथालयात पुस्तकं लावतात, कार्यालयात नोंदी करतात, बागेत राबतात. माझ्याकडे आलेल्या अशा अकरा मुलांपैकी एकानंही ते बायोडाटात लिहिलेलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणाले, गरीब असल्याचं दिसतं. कर्मवीरांच्या नावानं चालणाऱ्या योजनेतल्या मुलाला आपलं काम लपवावंसं वाटावं, हे आपलं अपयश आहे, त्याचं नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचंही तेच. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर करून मुलाच्या हाती येतं ते एक छापील प्रमाणपत्र. बंधारा बांधला की सर्वेक्षण केलं, त्यात काही लिहिलेलं नसतं.

नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत. ते श्रेयांक देताना विद्यार्थ्याकडून एक पान लिहून घ्यावं : मी काय केलं, किती केलं, कुठं अडलो. शिक्षकानं त्यावर 'कशावरून' विचारावं. तीन वर्षांत अशी सहा पानं झाली की बायोडाटा वेगळा शिकवावाच लागणार नाही. त्यासाठी बाहेरून व्यक्तिमत्त्व विकासाचे वक्ते बोलावून टाय कशी बांधावी यावर दिवस घालवू नये.

दूध केंद्रावरच्या त्या मुलाचा कागद आम्ही त्याच संध्याकाळी नव्यानं लिहिला. 'फ्रेशर' खोडला. मुलाखतीला बोलावणं आलं, आणि पहिला प्रश्न आला तो उचल कशी वजा करतोस हा. तो वीस मिनिटं बोलला म्हणे. नोकरी दुसऱ्याला मिळाली, पण तिथल्या व्यवस्थापकानं त्याचा कागद ठेवून घेतला आणि चार महिन्यांनी संकलन विभागात जागा निघाली तेव्हा फोन केला. नंबर तोच होता, लागला.

गेल्या आठवड्यात मी इथल्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना भेटलो. 'कमवा व शिका'च्या त्यांच्या प्रमाणपत्रावर नाव आणि तास एवढंच आहे. मी म्हटलं, तासांच्या खाली एक ओळ वाढवा, केलेल्या कामाची. त्यांनी कोरा नमुना माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "काय छापू?" मी म्हटलं, छापू नका, ती ओळ रिकामी सोडा, ती मुलांनी स्वतः भरायची आहे.